महाविद्यालयीन विद्यार्थ्यांमधील सेवाकार्य आणि घर : ताळमेळ कसा ठेवावा?

प्रश्न
(रत्नागिरी, पूर्णवेळ विद्यार्थी सेवक)

प्रभू येशूच्या नावाने सर्वांना सलाम.

मी गेली नऊ वर्षे रत्नागिरी आणि आसपासच्या तालुक्यांत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांमध्ये पूर्णवेळ सेवाकार्य करीत आहे. काम मोठे नाही. शहरातील कला-विज्ञान शाखांची, तंत्रनिकेतनातील, शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातील आणि नर्सिंग शिकणारी मिळून वीस-बावीस ख्रिस्ती मुले-मुली, चिपळूण आणि लांजा येथे चार-पाच जणांचे दोन गट, दापोलीच्या कृषी विद्यापीठात शिकणारे काही जण आणि वर्षातून चार-सहा वेळा माणगावजवळच्या लोणेरे येथील तंत्रशास्त्र विद्यापीठापर्यंतचा प्रवास, एवढाच त्याचा पसारा आहे. महाविद्यालयांच्या आवारात आम्ही काहीही घेत नाही. बायबल अभ्यास आणि प्रार्थना मंडळीच्या (चर्चच्या) सभागृहात किंवा माझ्या भाड्याच्या दोन खोल्यांत होते.

माझी पत्नी एका खासगी रुग्णालयात परिचारिका आहे. मुलगी दहा वर्षांची आणि मुलगा पाच वर्षांचा आहे. माझे मानधन दानदात्यांच्या देणग्यांवर अवलंबून असल्याने ते काही महिने पुरे येते आणि काही महिने येत नाही. त्यामुळे घर प्रत्यक्षात पत्नीच्या पगारावर चालते, हे लिहिताना संकोच वाटत असला तरी ते खरे आहे.

माझ्या कामातील मूळ अडचण अशी की, विद्यार्थी ज्या वेळी मोकळे होतात त्याच वेळी घरची माणसेही मोकळी होतात. सकाळी दहा ते पाच मी घरी असू शकतो, परंतु तेव्हा घरात कोणीच नसते. पाचनंतर मुले शाळेतून येतात आणि मी बाहेर पडतो. शनिवार-रविवार तर पूर्णपणे कामाचेच असतात. पावसाळ्यात परशुराम घाटात दरड आली की दापोलीहून परतायला रात्र होते, आणि परीक्षेच्या दिवसांत वसतिगृहातून येणारे फोन साडेअकरा-बारापर्यंत चालू राहतात.

हे सारे मी आजवर ओढूनताणून निभावले आहे, असे मला वाटत होते. गेल्या महिन्यात एक गोष्ट घडली. पत्नी डबा विसरली म्हणून मी तो द्यायला रुग्णालयात गेलो असता, भिंतीवर लावलेला ड्युटीचा तक्ता सहज पाहिला. तिच्या नावापुढे रात्रपाळ्या इतरांच्या जवळजवळ दुप्पट होत्या. तिच्या सहकारी बाईंनी, मला ठाऊकच असेल असे समजून, सांगितले की शनिवारची संध्याकाळ मोकळी मिळावी म्हणून ती गेली दोन वर्षे इतरांच्या रात्रपाळ्या स्वतःकडे घेत आहे. शनिवारी संध्याकाळी आमच्या घरी बायबल अभ्यास असतो, आणि त्यानंतर तेरा-चौदा मुले जेवतात. म्हणजे ज्या शनिवारबद्दल मी दानदात्यांना लिहिलेल्या पत्रांत देवाचे आभार मानीत आलो, तो शनिवार तिच्या जागरणांवर उभा होता, आणि तिने मला ते सांगितले नव्हते. घरी आल्यावर मी विचारले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "तुम्ही कधी विचारले नाही."

मी शनिवारचा अभ्यास घरी घेणे बंद करावे काय? प्रवास कमी केला तर लांजा आणि दापोलीच्या मुलांचे काय? आणि सर्वांत कठीण प्रश्न असा की, असे कमी करणे म्हणजे पाचारणातून, देवाने या कामासाठी दिलेल्या हाकेतून, मागे हटणे ठरेल काय? ज्यांनी हा मार्ग चालून पाहिला आहे, त्यांनी मनमोकळेपणाने लिहावे.


उत्तर
(चिपळूण, सेवानिवृत्त प्राध्यापक)

भाऊ, आपला प्रश्न वाचून मला माझी पंचवीस वर्षांपूर्वीची बायको आठवली, आणि ती शेजारीच बसलेली असल्याने तिलाही तो वाचून दाखवला. तिचे म्हणणे शेवटी देतो.

मी पूर्णवेळ सेवक कधीच नव्हतो. नोकरी सांभाळून विद्यार्थी गटांना मदत करणाऱ्यांपैकी मी एक होतो. म्हणूनच प्रथम कामाच्या रचनेविषयी बोलतो, कारण आपल्या पत्रात ती मला कोठेच दिसली नाही. आपल्या देशात युनियन ऑफ इव्हँजेलिकल स्टुडंट्स ऑफ इंडिया ही चळवळ १९५४ साली उभी राहिली, आणि तिच्याशी नाते असलेली आंतरराष्ट्रीय संघटना त्याआधी, १९४७ साली स्थापन झाली. या चळवळींचा पाया असा होता की, महाविद्यालयातील साक्ष, म्हणजे ख्रिस्ताविषयी सांगण्याचे काम, विद्यार्थ्यांनी स्वतः चालवावी, शिकून बाहेर पडलेल्या पदवीधरांनी त्यांना घर, पैसा आणि सल्ला द्यावा, आणि पूर्णवेळ सेवकाने या दोघांना तयार करावे. हा काटकसरीचा उपाय नव्हता. एकोणीस वर्षांच्या मुलाला जबाबदारी दिल्याशिवाय त्याचा विश्वास पक्का होत नाही, असा त्यामागे विचार होता. आपल्या वर्णनात मात्र सेवकच अभ्यास घेतो, सेवकच प्रवास करतो, सेवकाच्याच घरी जेवण होते आणि सेवकच रात्री फोन उचलतो. नऊ वर्षांत आपल्या गटातून बाहेर पडलेले किती पदवीधर आज रत्नागिरी, चिपळूण, लांजा येथे नोकरी करीत आहेत, याची एकदा यादी करा. त्यांपैकी कोणाच्या घरी महिन्यातून एक शनिवार होऊ शकणार नाही, असे मला वाटत नाही.

आता शास्त्राविषयी. बायबलातील निर्गमाचा अठरावा अध्याय आपण सर्वांनी नेतृत्वाच्या शिबिरांत ऐकलेला आहे. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे न्यायनिवाडे करीत बसतो आणि त्याचा सासरा इथ्रो त्याला काम वाटून द्यायला सांगतो. परंतु त्या अध्यायाची सुरुवात कशी होते, हे आम्ही क्वचितच वाचतो. मोशेने आपली पत्नी सिप्पोरा हिला माहेरी पाठवून दिले होते, आणि इथ्रो येतो तो तिला आणि तिच्या दोन मुलांना बरोबर घेऊनच येतो. मोशे पुढे जाऊन सासऱ्याला नमन करतो, त्याचे चुंबन घेतो, क्षेमकुशल विचारतो, देवाने केलेली सारी अद्भुत कामे त्याला सांगतो. पत्नी आणि मुलांशी तो काय बोलला, याविषयी मात्र अध्यायात एक शब्दही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा न्याय करायला बसतो, तो थेट संध्याकाळपर्यंत. मी या शांततेतून सिद्धान्त काढीत नाही, कारण मजकुरात जे नाही त्यावर घर बांधू नये. पण काम वाटून देण्याचा सल्ला देणारा माणूस मुलीचा बाप होता आणि तो तिला सोबत घेऊन आला होता, हे विसरून त्या सल्ल्याला केवळ व्यवस्थापनाचा धडा मानणे मला पटत नाही.

व्यवहाराची एक गोष्ट. आठवड्याचे वेळापत्रक जुळवीत बसू नका, कारण ते जुळणारच नाही. पूर्ण वर्ष समोर ठेवा. आपल्याकडे प्रवेशानंतरचे पहिले सहा-सात आठवडे कळीचे असतात, कारण नवीन मुलगा कोणाच्या सोबतीने राहणार हे त्याच दिवसांत ठरते. ते दिवस कामाला द्या, आणि घरी तसे आधी सांगा. गणपतीच्या सुट्टीत मात्र कोकणातली वसतिगृहे ओस पडतात, आपली ख्रिस्ती मुलेही गावी जातात, गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते आणि कोणताही गट भरू शकत नाही. तो आठवडा आपण आजवर अहवाल लिहिण्यात घालवीत असाल, तर तो आपल्या मुलांचा आहे. परीक्षांनंतर दिवाळीच्या सुट्टीचेही तसेच. मे महिन्यातील शिबिराला कुटुंबाला नेणे म्हणजे सुट्टी, अशी एक समजूत आपल्या वर्तुळात आहे. माझ्या पत्नीच्या मते ती सुट्टी नसते, ती केवळ बदललेल्या जागी ड्युटी असते.

जाळ्यांची उपमा आपल्या प्रवचनांत इतकी वापरली गेली आहे की ती द्यायला लाज वाटते, तरीही देतो. जून आणि जुलै या दोन महिन्यांत यांत्रिक नौकांच्या मासेमारीवर बंदी असते, आणि हर्णैपासून मालवणपर्यंत कोणीही त्या दिवसांत नाव किनाऱ्यावर ओढणाऱ्याला कामचुकार म्हणत नाही.

पत्नीचे म्हणणे असे : "त्यांना सांगा, आधी तिला आठ रात्री सलग झोपू द्या, आणि मग चर्चा करा."


उत्तर
(कुडाळ, एका माजी विद्यार्थी सेवकाची पत्नी)

आपण तीन प्रश्न विचारले आहेत, आणि ते तिन्ही आम्हाला विचारले आहेत. तिला विचारले काय? "तुम्ही कधी विचारले नाही" या तिच्या वाक्यानंतर आपण येथे लिहायला बसलात, हे मला थोडे खटकले. राग मानू नये.

मी चौदा वर्षे सेवकाची पत्नी म्हणून काढली, म्हणून सांगते की शनिवार बंद करणे हा बहुधा तिच्या मनातील उपाय नसेल. मुले घरी यावीत असे मलाही वाटत असे. नंदुरबारहून किंवा पालघरच्या पाड्यावरून आलेली मुलगी पहिल्यांदा आमच्याकडे कुळथाचे पिठले आणि भात जेवून रडली होती, तो दिवस मी विसरलेले नाही. मला त्रास जेवणाचा झाला नाही. दाराचा झाला. दार कोणासाठी, केव्हा आणि कितीदा उघडायचे, हे ठरवणारा एक आणि उघडल्यानंतरचे सारे निस्तरणारी दुसरी, अशी विभागणी आमच्याकडे झाली होती, आणि ती कोणी जाणूनबुजून केलेली नसल्याने तिच्याविरुद्ध बोलायलाही जागा नव्हती. यजमान दुपारी चारला फोन करून सांगत, "आज पाच जण वाढतील," आणि मी तांदूळ वाढवीत असे. मी 'नाही' म्हणू शकते, ही शक्यता त्यांच्याही मनात नव्हती आणि माझ्याही नव्हती.

आणखी एक काम आहे, जे कोणत्याही अहवालात येत नाही. मुली सेवकाशी घरच्या गोष्टी बोलत नाहीत. त्या स्वयंपाकघरात येऊन त्याच्या पत्नीशी बोलतात. घरून लग्नाचा दबाव, मैत्रिणीचे प्रकरण, बापाची दारू, कधी त्याहून कठीण काही. कांदा चिरता चिरता ऐकून घेतलेली ती सारी ओझी मी रात्री एकटीच वाहत असे, कारण ती सांगायची नाहीत असे मुलींना वचन दिलेले असे. आपली पत्नी परिचारिका आहे, म्हणजे तिच्याकडे मुली अधिकच मोकळ्या होत असतील. तिला मानधन नाही, सुट्टी नाही, प्रशिक्षण नाही, आणि आपल्या सभांत तिची ओळख मात्र "आमच्या भावांना साथ देणाऱ्या" अशी होते.

आमच्याकडे बदल झाला तो एका साध्या गोष्टीपासून. मी शनिवारचा खर्च वहीत लिहायला लागले. तांदूळ, डाळ, तेल, नारळ, गॅस, आणि महिन्याअखेर ती वही यजमानांसमोर ठेवली. त्यांनी ती समितीपुढे ठेवली, आणि त्या वर्षापासून जेवणाचा खर्च सेवेच्या खात्यातून होऊ लागला. मग मुलांसाठी नियम झाला की साडेपाचला येणाऱ्यांनी भाजी चिरायची आणि जेवलेल्यांनी टोप घासूनच जायचे. पहिल्या शनिवारी एका मुलाने टोपाला नुसते पाणी दाखवून तो पालथा घातला होता. वर्षअखेरीस तोच मुलगा वीस जणांची डाळ एकटा करू लागला, आणि त्याच्या आईने मला फोन करून विचारले की याला काय शिकवले आहे. मासळी मात्र मी त्यांच्या हाती कधीच दिली नाही.

नारायण वामन टिळक हे आपल्याच कोकणातले, १८६१ साली करजगावात जन्मलेले. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० साली. मधल्या काळात बराच वेळ त्या टिळकांपासून दूर राहिल्या. पुढे टिळकांच्या घरात कोण कोण येऊन राहिले आणि टिळकांनी काय काय कोणाला देऊन टाकले, हे लक्ष्मीबाईंनी इतक्या हसतमुखाने लिहून ठेवले आहे की आपणही ते वाचताना हसतो. मी ते लग्नाआधी वाचले तेव्हा टिळकांवर लुब्ध झाले होते. दहा वर्षांनी पुन्हा वाचले तेव्हा प्रत्येक प्रसंगात त्या वेळी चूल कोण पेटवीत होते, एवढेच मला दिसत राहिले. टिळक लहान झाले असे मी म्हणत नाही. लक्ष्मीबाई मोठ्या झाल्या.

तिच्याशी बोलताना "मी काय कमी करू?" असे विचारू नका, कारण त्यावर ती "काही नको" असेच म्हणेल, आम्ही सगळ्या तसेच म्हणतो. तिच्या समोर तो ड्युटीचा तक्ता ठेवा आणि यातले काय तिला परत हवे आहे, ते विचारा.


उत्तर
(पनवेल, विद्यार्थी सेवक)

वरील दोन्ही उत्तरांतील बरेचसे मला मान्य आहे, तरीही एक दुसरी बाजू लिहिणे आवश्यक वाटते. 'कुटुंब प्रथम' हे वाक्य आजकाल आपल्या वर्तुळात इतक्या सहजपणे उच्चारले जाते की त्याआड आळस आणि सुखासीनताही लपू शकतात. माझ्या ओळखीत असे सेवक आहेत, ज्यांनी कुटुंबाच्या नावाखाली वसतिगृहात जाणे थांबवले आणि मोकळा झालेला वेळ मोबाईलवर घालवला. घरी असणे आणि घरच्यांबरोबर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या वर्षाला एकटा आलेला मुलगा आत्महत्येच्या विचारापर्यंत गेलेला मी पाहिला आहे. त्याचा फोन रात्री बारालाच आला होता, आणि तो मी उचलला याबद्दल मला किंवा माझ्या पत्नीला आजही पश्चात्ताप नाही.

म्हणून फोन बंद करा असे मी सांगणार नाही. फोन वाटून घ्या, असे सांगेन. आम्ही तिघांनी रात्रीचे वार वाटून घेतले आहेत, मुलांना तिघांचेही क्रमांक दिलेले आहेत, आणि ज्याचा वार नसेल त्याने फोन स्वयंपाकघरात ठेवून झोपायचे, असे ठरवले आहे. मुलाच्या जिवाला धोका दिसला तर केवळ प्रार्थना करून फोन ठेवायचा नाही, वसतिगृहाच्या अधीक्षकांना आणि डॉक्टरांना त्याच रात्री कळवायचे, हेही ठरलेले आहे. मध्यरात्रीचा प्रत्येक फोन असा नसतो, हेही मान्य करतो. बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशीच्या पेपरची भीती असते, आणि ती सकाळी सहालाही ऐकता येते.


उत्तर
(मूळ दापोलीची, सध्या मुंबईत नोकरी)

दादा, माझे वडील वीस वर्षे हेच काम करीत होते, म्हणून मी मुलांच्या बाजूने लिहीत आहे. आपली मुलगी दहा वर्षांची आहे, म्हणजे ती आता सारे पाहते आहे आणि अजून बोलत नाही.

वडील घरी नसत याचे मला फारसे दुःख नव्हते. माझ्या वर्गातील निम्म्या मुलांचे वडील मुंबईत नोकरीला होते आणि शिमग्याला नि गणपतीला येत. त्या मानाने माझे वडील पुष्कळच घरी होते. मला दुखत असे ते वेगळेच. ते विद्यार्थ्यांचे बोलणे ज्या लक्षाने ऐकत, ते लक्ष मी ओळखत होते, कारण मी शेजारच्या खोलीत अभ्यास करीत असे आणि मधला पडदा पातळ होता. एखादा मुलगा बोलताना अडखळला तर ते थांबून राहत, त्याला घाई करीत नसत. माझ्याशी बोलताना ते वर्तमानपत्र चाळीत.

दुसरी गोष्ट अशी की, मला रागावताच येत नसे. मैत्रिणीचे वडील कचेरीच्या कामामुळे गॅदरिंगला आले नाहीत, तर ती कचेरीला शिव्या देऊ शकत होती. माझे वडील देवाच्या कामाला गेलेले असत. मग मी कोणावर रागवायचे? मी काही वर्षे देवावर रागावले, आणि ते कोणाला सांगितले नाही. सेवकाच्या मुलीने असे सांगायचे नसते, हे मला न शिकवताच कळले होते. आपण कामाला निघताना मुलांना "देवासाठी जातो" असे सांगत असाल, तर कृपया "मी जायचे ठरवले आहे" असे सांगा. ठरवणाऱ्यावर रागावता येते, आणि तो रविवारी आईसक्रीम आणून समजूत काढू शकतो.

तिसरी लहान गोष्ट. माझे किस्से वडील संदेशात सांगत. मी मीठ समजून सोडा घातला, मी अंधाराला घाबरले, मी काय प्रार्थना केली. मंडळी हसे, आणि नंतर अनोळखी ताया येऊन माझा गालगुच्चा घेत. मला कोणी विचारले नव्हते.

हे सारे लिहूनही मी सांगेन की विद्यार्थ्यांना घरापासून तोडू नका. मला गणित एका दादाने शिकवले, जो कृषी विद्यापीठात शिकत होता आणि आज बागायत अधिकारी आहे. त्यानेच मला आंब्याची कोय कलमे बांधायला शिकवले. मी बांधलेल्या सात कलमांपैकी दोन जगली, आणि त्यांतले एक आजही आमच्या परसात आहे. लोणेरेला जाताना वडील मे महिन्यात कधीतरी मला एसटीने सोबत नेत, आणि तेथील मुले माझ्याशी मोठ्या माणसासारखी बोलत. माझे बालपण त्या मुलांशिवाय फार रिकामे-रिकामे झाले असते. मात्र येणाऱ्यांपैकी कोणीही माझे कपाट उघडू नये, एवढी एक जागा मला हवी होती आणि ती मिळाली नाही.


उत्तर
(मालवण, कॅथोलिक वाचक)

आमच्याकडे धर्मगुरू अविवाहित असल्याने हा प्रश्न त्यांच्यापुढे या रूपात येत नाही. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात विवाहिताचे मन दुभंगलेले असते असे म्हटले आहे. आम्ही तो उतारा ब्रह्मचर्याच्या बाजूने वाचतो, परंतु त्यात विवाहिताला दोष दिलेला नाही, हेही तितकेच खरे आहे. त्याचे मन दोन्हीकडे असणारच, एवढे ते मान्य केले आहे.

युवकांचे काम आमच्या धर्मग्रामांत प्रापंचिक माणसेही करतात. मीही केले. माझ्या आईचा एकच नियम होता : संध्याकाळच्या रोजरीच्या (जपमाळेच्या प्रार्थनेच्या) वेळी घरातला प्रत्येक जण घरात हवा, आणि जो पाहुणा त्या वेळी आला तो गुडघे टेकून सामील होईल, त्याच्यासाठी रोजरी थांबणार नाही. पंचवीस मिनिटांचा प्रश्न होता. पण त्या पंचवीस मिनिटांत कोणीही कोणाचा सेवक नसे. आपल्या परंपरेत कौटुंबिक प्रार्थना असतेच. ती विद्यार्थ्यांच्या सभेत विलीन झालेली नाही ना, एवढे पाहावे.


प्रश्नकर्त्याचे उत्तर
(रत्नागिरी, तीन आठवड्यांनंतर)

आपणा सर्वांचे मनापासून आभार. उत्तराला उशीर झाला, कारण कुडाळच्या ताईंनी लिहिल्याप्रमाणे आधी घरी बोलायचे होते, आणि चिपळूणच्या काकूंनी सांगितल्याप्रमाणे त्याआधी तिला झोपू द्यायचे होते. तिने घेतलेल्या जास्तीच्या रात्रपाळ्या महिनाअखेरपर्यंत मागे घेता येत नव्हत्या, म्हणून त्या संपेपर्यंत मी शनिवार मंडळीच्या सभागृहात घेतला आणि पोहे बाहेरून मागवले.

मी तक्ता समोर ठेवला तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने सांगितले की तिला शनिवार परत नको आहे; मुले घरी आलेली तिला आवडतात, आणि नर्सिंगच्या दोन मुली तर तिच्याच आहेत असे तिने बजावून सांगितले. तिला हवी होती ती दुसरीच गोष्ट. तिचा जनरल नर्सिंगचा अभ्यासक्रम झालेला आहे, आणि दोन वर्षांचा पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग करावा असे तिच्या मनात होते. दोनदा तिने अर्जाची माहिती आणली आणि दोनदा ठेवून दिली, कारण ती शिकायला गेली तर घरात पगार नाही, आणि पगार नाही तर माझी सेवा नाही. मला यातले काहीच माहीत नव्हते. माझ्या पाचारणाचा प्रश्न मी आपणा सर्वांना विचारला होता. तिच्या मनातही असे काही असेल, हे मला नऊ वर्षांत सुचले नाही.

पुढचे थोडक्यात लिहितो. पहिला आणि तिसरा शनिवार घरी आणि उरलेले सभागृहात, असे ठरले. जेवणाचा खर्च समितीपुढे ठेवला. एका सदस्याने "आजवर तर काही अडचण नव्हती" असे म्हटले, तेव्हा मी त्यांना रात्रपाळ्यांचा आकडा सांगितला. रत्नागिरीचा अभ्यास तृतीय वर्षाचे दोघे आळीपाळीने घेत आहेत. पहिला अभ्यास फसला, कारण घेणारा वीस मिनिटांतच संपवून मोकळा झाला. दुसरा बरा झाला. लोणेरेला जाणे सत्रातून एकदाच ठेवले आहे, आणि मे महिन्यात मुलीला सोबत नेईन. पनवेलच्या बंधूंप्रमाणे फोनचे वार वाटायला माझ्याकडे अजून दुसरा माणूस नाही, म्हणून सध्या साडेदहानंतर तो स्वयंपाकघरात असतो. तातडीसाठी एका पदवीधराचा क्रमांक मुलांना दिला आहे.

मुलीला मी विचारले की तिला काय हवे आहे. मला वाटले होते, ती वेळ मागेल. तिने सांगितले की शनिवारी कीबोर्ड ठेवण्यासाठी तिचे अभ्यासाचे मेज घेऊ नये, आणि त्याच्या खणात कोणी गीतांच्या वह्या कोंबू नयेत. कीबोर्डसाठी मी लोखंडी स्टँड आणला आहे.

पत्नीच्या अभ्यासक्रमाचे अजून ठरलेले नाही. दोन वर्षे घर माझ्या मानधनावर चालणे शक्य नाही, म्हणून त्या काळात मला अर्धवेळ नोकरी धरावी लागेल असे दिसते. बायबलातील अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला हे सेवा करणारे दांपत्य तंबू शिवीत असे, मला शिकवण्या घेता येतात. समितीला हे पत्राने कळवले आहे, आणि उत्तर आलेले नाही. दरम्यान लांज्याच्या गटासाठी महिन्यातून दोन शनिवार देऊ शकेल असे एखादे पदवीधर दांपत्य लांजा किंवा राजापूर परिसरात असल्यास कृपया येथे लिहावे. त्या दोघांनी आधी आपसात बोलून मगच लिहावे, अशी विनंती आहे.